आत्याचा आवाज बसला तो नोव्हेंबर

नोव्हेंबर आला की माझा स्वभाव बिघडतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारणही ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारत नाही. बाहेर धुकं उतरलेलं असतं, जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनच्या फुटपाथांवर भिजलेल्या पानांचा रबडा झालेला असतो, दुपारच्या चहालाच दिवे लावावे लागतात. बालवाडीतली मुलं कागदी कंदील घेऊन, गाणी म्हणत गल्लीतून जातात. लोक खिडक्या उघडून कौतुकानं बघतात. मी पडदा ओढून घेते. मला तेवढ्यात फॉर्मालिनचा वास आलेला असतो. कुठेही नसलेला वास, पण येतो आणि टाळूला चिकटून बसतो. त्याच्यामागोमाग भूक लागते.

भुकेचं सांगायला जरा लाज वाटते. पण मेडिकलला असताना शवविच्छेदनाच्या हॉलमधून बाहेर पडलं की आम्हा सगळ्यांना सपाटून भूक लागायची. पहिल्या दिवशी ज्या मुली भोवळ येऊन भिंतीला टेकल्या होत्या, त्याच आठवड्याभरात कॅन्टीनच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. त्या वासात म्हणे काहीतरी असतं. मी वोनहाइमवर, म्हणजे माझ्या विद्यार्थी वसतिगृहावर येऊन गुरगुट्या भात लावायची आणि त्यावर मेतकूट. मेतकूट साताऱ्याहून आलेलं, आत्यानं केलेलं. त्या हिवाळ्यात मी ते किती चवीनं खाल्लं, हे आठवलं की आजही मेतकुटाची बरणी बाजूला सारते.

मी त्या नोव्हेंबरात सावरले. सगळे असंच म्हणतात. 'पहिलं वर्ष जरा कठीण गेलं, पण दुसऱ्या वर्षी पोरीनं काय उचल घेतली!' आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात ही गोष्ट नव्यानं आलेल्या मुलांना धीर द्यायला सांगितली जाते. सांगणारे अर्धीच सांगतात. ज्या नोव्हेंबरात मी सावरले, त्याच नोव्हेंबरात माझ्या माणसांनी मला फसवलं, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

पहिल्या वर्षाचं आधी सांगते. बाबा इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनीअर. ते आणि आई आधी आले, मी अकरा वर्षांची होईपर्यंत साताऱ्यात आत्याकडे राहिले. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि माझ्या वेण्याही तिनंच घातल्या. तिच्यासमोर बसून मोठ्यानं पाढे म्हणत मी मोठी झाले. नंतर इथे आले, इथली शाळा, इथली भाषा, सगळं पार केलं. पण पाठ करणं हाच अभ्यास, ही समजूत काही सुटली नाही. मेडिकलला गेले आणि तोंडावर आपटले.

आमच्याकडे टेस्टाट नावाचा प्रकार असायचा. म्हणजे तोंडी परीक्षा, पण मृतदेहाच्या टेबलाशी उभं राहून. परीक्षक चिमट्यानं एखादी नस उचलतात आणि शांतपणे विचारतात, ही कोण, कुठून आली, कुठे निघाली, आणि तुटली तर या माणसाचं काय होईल. मला त्या नसेचं नाव लॅटिनमध्ये यायचं. तिच्या शाखांची नावं क्रमानं यायची. पण 'काय होईल' म्हटलं की तोंडातून ब्र निघायचा नाही. समोर सात मुलं, प्रोफेसर, मध्ये ती झाकलेली म्हातारी, आणि माझं ततपप. नापास. पुन्हा दिली, पुन्हा नापास. मग ठरलं की सगळा कोर्स पुढच्या वर्षी नव्या मुलांबरोबर परत करायचा. त्यातही डोकं आणि मान या भागाची टेस्टाट शेवटची संधी. ती गेली की आमच्याच काय, देशातल्या कुठल्याच विद्यापीठात मला डॉक्टर होता येणार नव्हतं.

बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, ते सारवासारव करतात. मंडळात त्यांनी सांगितलं, 'ती यंदा थोडं संशोधनाच्या अंगानं करतेय.' मी शेजारी उभी होते. मला तेव्हा ते प्रेमच वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. हा माणूस किती सहज खोटं बोलू शकतो, हे तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

साताऱ्याला मी स्वतः फोन केला. आशियाई दुकानातून आणलेलं फोनचं कार्ड खरवडून, तो लांबलचक नंबर दाबून.

"आत्या, मी नापास झाले."

"ते कळलं. येत नव्हतं, का बोलता येत नव्हतं?"

हा प्रश्न मला जर्मनीत कुणीही विचारला नव्हता. मी म्हटलं, "बोलता येत नव्हतं."

"मग रडतेस काय? दर रविवारी फोन कर आणि आठवडाभर जे शिकलीस ते मला शिकव. मला कळलं तर तुझ्या त्या मास्तरालाही कळेल."

त्या शरद ऋतूतले रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. वसतिगृहाच्या खिडकीत बसायचं, मांडीवर ब्लँकेट, आणि हात कसा चालतो ते मराठीत सांगायचं. लॅटिन शब्द फेकला की ती अडवायची. "मोठी विदुषी झालीस, कळलं. आता सरळ सांग." तिच्याकडून ताटात मटार पडल्याचा आवाज यायचा. एकदा मनगटातून जाणाऱ्या नसेबद्दल सांगत होते, तर म्हणाली, "म्हणजे पोळ्या लाटताना माझी बोटं बधिर होतात ती हिच्यामुळं?"

"हिच्यामुळंच."

"बरं झालं. निदान दोष कुणाला द्यायचा ते कळलं."

पुढच्या आठवड्यात परीक्षकांनी तीच नस उचलली. मी घाबरून पुस्तक आठवायच्या ऐवजी एका बाईच्या बधिर बोटांबद्दल बोलायला लागले आणि बोलतच राहिले. हात सुटला. मग पाय सुटला. राहिलं डोकं आणि मान, नाताळच्या सुट्टीच्या आधी. माझ्या टेबलावरची नवी मुलं मला विचारायला यायला लागली. 'समजावून सांग ना, तू छान सांगतेस.' मी, ज्या मुलीचं तोंड उघडत नव्हतं ती.

आणि दिवाळीच्या तोंडावर बाबा अचानक पुण्याला गेले. ऑफिसचं काम, असं आई म्हणाली. आले ते मेतकुटाची बरणी घेऊन. "आत्यानं दिलंय तुझ्यासाठी. आणि हे बघ, तिचा आवाज बसलाय. घशात गाठ होती, छोटंसं ऑपरेशन झालं. बोलायला सक्त मनाई आहे."

आता यात माझी हुशारी बघा. मी विचारलं, "गाठ स्वरतंतूंवर होती का? जन्मभर शिकवणाऱ्यांना होते तशी?"

आई आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. "हो हो," आई म्हणाली, "तसलीच."

त्यांना थाप नीट मारताही येत नव्हती. त्या थापेला रोगाचं नाव मी दिलं. अभ्यास चालू होता ना माझा.

त्या दिवाळीत आई म्हणाली, यंदा घरी येऊ नकोस, जाण्यायेण्यात वेळ जातो. मला ते पटलं. मंडळातल्या एक काकू बॉबलिंगेनहून मुद्दाम फराळाचा डबा घेऊन वसतिगृहावर आल्या. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "अभ्यास कर हं बाळा," आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांचा इतका राग आला! मला वाटलं, नापास मुलीची कीव करताहेत. त्या गेल्यावर मी खिडकीत पणती लावली, चकल्या खाल्ल्या, नवा कुडता घातला. सुतकात. घरातली सगळी सुतकात, माझ्या आईनं देवाला दिवासुद्धा लावला नव्हता, आणि मला तेवढं नवे कपडे घालायला मोकळं सोडलं होतं.

रविवारचे फोन मी थांबवले नाहीत. तिला बोलायला मनाई होती, ऐकायला कुठे होती? आत्या ज्याच्याकडे राहायची तो माझा चुलतभाऊ, दादा, फोन उचलायचा. मी म्हणायची, "तिच्या कानाला लाव." पहिल्यांदा त्यानं 'आत्ता?' असं विचारलं. मग म्हणाला, "बरं. लावतो."

आणि मी बोलायची. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, वहिनीच्या बांगड्या वाजायच्या, रस्त्यावरून टेम्पो जायचा. मी आत्याला तिच्याच घशाबद्दल समजावून सांगत होते. गळ्याला आवाज देणारी एक नस असते, ती मानेतून सरळ घशात जायचं सोडून खाली छातीत उतरते, तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. "रिकामा उद्योग आहे बघ, आत्या. पण घाबरू नकोस. तुझ्या डॉक्टरांनी तिला धक्का लावलेला नसणार. आवाज हळूहळू परत येतो." हे मी तिला एकदा नाही, दर रविवारी सांगत होते. धीर वाटावा म्हणून.

अभ्यास संपला की बाकीचंही सांगायची. की मला इथे कधीकधी फार एकटं वाटतं. की लहानपणी मला मागे ठेवून गेल्याबद्दल आईबाबांवरचा माझा राग गेलेला नाही, आणि गेला असं मी त्यांना दाखवते. हे मी फक्त आत्याला सांगू शकत होते. ती उत्तर देत नव्हती म्हणून तर जास्तच सांगितलं. शेवटी विचारायची, "दादा, ऐकलं का तिनं? मान हलवली?"

"हो," दादा म्हणायचा. "हलवली."

परीक्षेच्या दिवशी प्रोफेसरांनी चिमटा उचलला आणि नेमकी तीच नस वर धरली. मी जर्मनमध्ये बोलत होते, पण सांगत होते आत्याला. वळसा, परतीचा रस्ता, तुटली तर आवाज कसा घोगरा होईल, दोन्ही बाजूंची तुटली तर श्वास कसा कोंडेल. प्रोफेसर मध्येच "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले आणि मला थांबवायचं विसरले. पास. टेबलावरच्या मुलांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि मग आपण कुठे उभे आहोत ते आठवून खाली घेतले.

तशीच स्टेशनवर गेले. घरी फोन करून कळवलं, पण गाडी यायला वेळ होता. रविवारपर्यंत कोण थांबतंय, म्हणून तिथल्याच फोनवरून साताऱ्याला लावला. दादा कामावर गेलेला, वहिनींनी उचलला.

"वहिनी, मी पास झाले! आत्याच्या कानाला लावा ना फोन."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "अगंबाई. परीक्षा झाली की लगेच सांगणार म्हणाले होते काका. सांगितलं नाही का तुला अजून?"

आत्या दिवाळीच्या आधीच गेली होती. झोपेत, हृदय बंद पडून. घशात गाठबीठ काही नव्हती. बाबा ऑफिसच्या कामाला गेले नव्हते, तिच्या अंत्यविधीला गेले होते. आणि मेतकूट तिनं दिलं नव्हतं, तिच्या फडताळात सापडलं होतं.

घरी पोचले तेव्हा आईनं श्रीखंड केलं होतं. सुतक फिटलं होतं, लेक पास झाली होती. मी दारातच विचारलं, "कधी सांगणार होता?"

"आज जेवण झाल्यावर," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला, पण अपराधी नव्हता. काम पार पाडलेल्या माणसासारखे थकलेले दिसत होते. "बस आधी. हे बघ, तुझी शेवटची संधी होती. आत्यालासुद्धा हेच पटलं असतं."

"आत्यानं मला कधीही खोटं सांगितलेलं नाही."

आई पुढे झाली. "अहो, तिला बसू द्या जरा." मग माझ्याकडे वळून तिनं ते वाक्य उच्चारलं, जे नंतर मला मंडळातल्या प्रत्येक काका-काकूनं ऐकवलं. "आणि सांगितलं असतं, तर पास झाली असतीस का?"

हीच तर यातली फसवणूक आहे. मी हो म्हटलं तर आत्यावर माझी माया नव्हती, आणि नाही म्हटलं तर ते सगळे बरोबर. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रूनं असं केलं असतं तर मी भांडले असते. आपल्या माणसांनी, आपल्याच भल्यासाठी, सगळ्यांनी मिळून केलं की रागावायलाही जागा उरत नाही. माझं पास होणं त्यांनी पुरावा म्हणून वापरलं. मी जितकी चांगली डॉक्टर होत गेले, तितकं त्यांचं खोटं खरं ठरत गेलं.

दादाशी मी बरेच दिवस बोलले नाही. मग एकदा फोनवर विचारलं, "तू ऐकायचास ते सगळं?"

"नाही गं," तो म्हणाला. "मी बाजूला उभा राहायचो."

"मग फोन?"

"फोटोसमोर धरायचो. अगदीच खोटं नको व्हायला म्हणून." आणि तो माझ्यापेक्षा मोठा माणूस फोनवर हुंदके द्यायला लागला. त्याचं सांत्वन मलाच करावं लागलं. आमच्या घराण्याची ही तऱ्हा. खोटं बोलतील, पण त्याला हार घालतील.

एक गोष्ट मात्र त्या हिवाळ्यातच झाली, ती सांगायला हवी. कोर्स संपला की इथे, ज्यांनी आपला देह दिला त्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेचा कार्यक्रम असतो. विद्यार्थीच करतात. वाद्यं वाजवतात, त्या लोकांची नावं मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावतात. घरची माणसं समोर बसलेली असतात. त्या दिवशी कळलं की आमच्या टेबलावरच्या आजींना नाव होतं, मुलगी होती, त्या शिवणकाम करायच्या. माझ्या हातात मेणबत्ती होती आणि ती काही केल्या पेटेना. मी त्या चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडले. त्यांची मुलगी उठून आली, मला धरून बाकावर बसवलं आणि म्हणाली, माझ्या आईसाठी इतकं कुणी रडेल असं वाटलं नव्हतं. मी तिला खरं सांगितलं नाही. त्या परक्या लोकांनी मला रडायला एक दिवस दिला, जागा दिली, मेणबत्ती दिली. माझ्या घरच्यांनी यातलं काहीही दिलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या आत काहीतरी कायमचं वाकडं झालंय. आई फोनवर 'इकडं सगळं छान' म्हणाली की माझा त्यावर विश्वास बसत नाही. मग मी एकेकाची चौकशी करते, एकेकाला फोनवर बोलवायला लावते, प्रत्येकाचा आवाज ऐकते. आई म्हणते, "किती संशयी झालीस गं." मी म्हणते, "झाले नाही, केलीत."

डॉक्टर झाल्यावर मी एक नियम केला. माझ्या वॉर्डात 'त्यांना सांगू नका' हे चालणार नाही. आपल्याकडची माणसं दाराबाहेर गाठून हात जोडतात, 'बाईंना काही बोलू नका हं, हाय खातील.' मी ऐकून घेते आणि आत जाऊन, बाईंचा हात धरून, जे आहे ते सांगते. मी क्रूर आहे असं काहीजण म्हणतात. म्हणू देत.

आणि या नोव्हेंबरात बाबांच्या फुप्फुसावर डाग निघाला. खोकला जात नव्हता म्हणून फोटो काढला, तर डाग. इथले डॉक्टर लगेच गंभीर झाले, तुकडा काढून तपासायला पाठवला. ते दिवस कसे गेले ते सांगत नाही. निकाल आला तेव्हा मी तिथेच होते, डॉक्टरांनी सहकारी म्हणून मला आधी वाचायला दिला. कॅन्सर नव्हता. लहानपणी कधीतरी होऊन गेलेल्या, कुणाला कळलाही नसलेल्या क्षयाचा वण होता. भरून आलेला, निरुपद्रवी. मी धावत खोलीत गेले.

"बाबा, काही नाही! जुना वण आहे नुसता. तुम्ही ठणठणीत आहात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, ती रडतच होती, आनंदानं, पण रडत होती. मग पुन्हा माझ्याकडे.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "ते तुमच्या डॉक्टरांना येऊन सांगू दे."

"बाबा, मी रिपोर्ट वाचलाय. मी खोटं कशाला सांगू? मी कधी सांगते का?"

"तू नको सांगूस. त्यांनाच सांगू दे."

"पण का?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"त्यांचा माझ्यावर जीव नाही," ते म्हणाले.

मी बाहेर गेले आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.